पाळीचं दुखणं आणि खाणं: माझ्या आठ महिन्यांच्या वहीतून

१४ सप्टेंबरला पहाटे साडेतीन वाजता मी स्वयंपाकघरात फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आदल्या रात्री ओटीपोट जड वाटत होतं म्हणून जेवले नव्हते, मग कळ आली तेव्हा रिकाम्या पोटी पेनकिलर घेतली, वीस मिनिटांत ती उलटून पडली आणि आता दुसरी घ्यायची की नाही हेच कळेना. घामाने कपडे ओले, मांड्यांपर्यंत कळा, मधेच जुलाब. त्या रात्री मी ठरवलं की आता हे सहन करायचं नाही, याच्या मुळाशी जायचं. पुढचे आठ महिने त्यात गेले. काय केलं, कशाला किती वेळ लागला, कुठे चुकले आणि शेवटी किती फरक पडला ते जसं घडलं तसं लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मला एक तर "हे खा आणि चमत्कार बघा" असं काहीतरी मिळायचं नाहीतर अजिबात न समजणारं काहीतरी.

आधी थोडं मागचं. पाळी तेराव्या वर्षी आली, दुखायला लागलं चौदाव्या वर्षी. आता मी २९ ची आहे. पहिला दीड दिवस वाईट, मग कमी, हे इतकी वर्षं चालूच होतं, पण गेल्या दोन वर्षांत ते वाढलं आणि अंगावरून जाणंही वाढलं. हे "वाढलं" फार महत्त्वाचं आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा मी नुसती दर महिन्याला एक सुट्टी टाकत होते.

१८ सप्टेंबरला एका डॉक्टरांकडे गेले. दीड तास थांबले, आत आठ मिनिटं. मी म्हटलं खूप दुखतं, ते म्हणाले सगळ्यांनाच दुखतं, मूल झालं की कमी होईल, आणि एक गोळी लिहून दिली. तपासणी नाही, प्रश्न नाहीत. बाहेर येऊन मी पायरीवर बसून रडले. ज्या बायकांना असं ऐकावं लागलंय त्यांना एवढंच सांगते, तुमचं दुखणं खरं आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

मी मात्र लगेच दुसरीकडे गेले नाही, आधी चूक केली. रात्री जागून वाचलं आणि एकदम पाच बाटल्या मागवल्या: फिश ऑइल, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन ई, बी१ आणि एक कसलंतरी हर्बल मिश्रण. सगळ्या एकाच दिवशी सुरू केल्या. पोट बिघडलं, तोंडाला माशाचा वास, आणि ११ ऑक्टोबरला पाळी आली तेव्हा दुखलंच. बरं, थोडं कमी दुखलं असतं तरी ते पाचातल्या कशामुळे हे कळायला काही मार्गच नव्हता. या सगळ्या प्रवासात वाया गेलेला मोठा खर्च हाच. तपासण्यांचे पैसे निदान रिपोर्ट तरी देऊन गेले.

माझी मावसबहीण नर्स आहे, तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तू आधी लिहायला लाग. डॉक्टरांना 'खूप दुखतं' सांगू नकोस, आकडे दाखव." मग साधी रेघांची वही घेतली. रोज एक ओळ. पाळीचा कितवा दिवस, दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे (ओटीपोट, कंबर, मांड्या), गोळी किती वाजता, उतार कधी पडला, पॅड किती, मळमळ-जुलाब, झोप, आणि काय खाल्लं. खाल्लेलं लिहायचा मला सगळ्यात कंटाळा यायचा आणि पुढे तेच सगळ्यात उपयोगी पडलं. ऑक्टोबरमध्ये पहिल्या दिवशी ८ लिहिलंय, ९ नोव्हेंबरच्या पानावर ९, आणि तो ९ चा आकडा वाकडा आलाय कारण पडल्या पडल्या लिहिला होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली, २४ नोव्हेंबर. फोनवर विचारलं होतं की पाळी चालू असताना येऊ की नंतर, तर म्हणाले नंतर या, पण जुने रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणा. मी बाटल्यांचे फोटो नेले. दोन तास बसावं लागलं, पण आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी वही हातात घेतली आणि पानं उलटत गेल्या, मधेच थांबून विचारायच्या. पाळी नसताना दुखतं का? शौचाला किंवा लघवीला पाळीच्या दिवसांत दुखतं का? संबंधांच्या वेळी दुखतं का? घरात आई-बहिणीला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) वगैरे? पॅड तासाभरात भरतं का, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जातो का? माझी बहुतेक उत्तरं नाही होती, फक्त पॅड दर दोन तासांनी बदलावं लागायचं. यातल्या एकाचंही उत्तर तुमच्याकडे हो असेल तर आहाराचं नंतर बघा, आधी तपासून घ्या. एंडोमेट्रिओसिस जगभरात साधारण दहातल्या एका बाईला असतो आणि निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात, आणि तो नुसता जवस खाऊन जात नाही.

२८ नोव्हेंबरला सोनोग्राफी. इथे एक टीप. बुकिंग करतानाच विचारा की पोटावरून आहे की आतून, कारण पोटावरून असेल तर लघवीची पिशवी भरलेली लागते आणि आतून असेल तर रिकामी. मला कुणी सांगितलं नाही, मी लघवीला जाऊन तशीच पोचले आणि मग पाऊण तास पाणी पीत बसले. आतून करायची वेळ आली तेव्हा आधी फॉर्मवर सही घेतली, सोबत बाई कर्मचारी होती, आणि मला अवघडल्यासारखं झालं तर थांबवता येईल असं सांगितलं. हे मागायचा आपल्याला हक्क आहे. दुखलं नाही, फक्त विचित्र वाटलं.

रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी दिल्या. रिपोर्टवर माझं नाव चुकीचं छापून आलं, आडनावात एक अक्षर कमी, आणि मला तो पुढे ऑफिसला जोडायचा होता म्हणून दुरुस्त करून घ्यायला अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स आणि सहा दिवस गेले. रक्त द्यायच्या आधीच पावतीवरचं नाव नीट वाचा, एवढंच.

रिपोर्ट असे: सोनोग्राफीत गाठ, सिस्ट काही नाही. थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.८ (बाईचं गरोदर नसताना निदान १२ हवं) आणि फेरिटिन ९, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. मला दम लागायचा, केस गळायचे, पाळीत चक्कर यायची, आणि मी हे सगळं दुखण्याच्या खात्यात टाकलं होतं. मॅडमनी समजावलं की लोह कमी म्हणून कळा येतात असं नाही, पण इतकं रक्त कमी असलं की आहे ते दुखणं झेलायला अंगात ताकद राहत नाही. हेही सांगितलं की सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, तर तीन ते सहा पाळ्या नीट उपचार करू, फरक नाही पडला तर पुढच्या तपासण्या. ऑफिससाठी सर्टिफिकेट मागितलं तर त्यावर त्यांनी लिहिलं "प्रायमरी डिसमेनोरिया", म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न येणारं पाळीचं दुखणं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुखण्याला कागदावर नाव मिळालं होतं, मी तो कागद रिक्षात तीन वेळा वाचला.

गोळीबद्दल त्यांनी जे सांगितलं त्याने माझं अर्धं काम केलं. मी कळ असह्य झाली की गोळी घ्यायचे. त्या म्हणाल्या उलटं करा, पाळी सुरू होतेय असं वाटताच घ्या, काहीतरी खाऊन घ्या आणि पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळेला घ्या. कारण ही गोळी दुखणं "मारत" नाही, दुखणं करणारा पदार्थ तयार होणं थांबवते, एकदा तो तयार झाला की गोळीला उशीर झालेला असतो. (ॲसिडिटी-अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

४ डिसेंबरला आहारतज्ज्ञांकडे गेले, मॅडमनीच चिठ्ठी दिली होती. या ताईंनी आधी वही मागितली, मग कागदावर एक चित्र काढून तो पदार्थ काय ते समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येक मुलीला शाळेतच सांगायला हवं. गर्भाशयाचं अस्तर सुटायची वेळ आली की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, आवळले की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि रक्त न मिळालेला स्नायू कळवळतो. हीच रसायनं आतड्यावरही काम करतात म्हणून जुलाब, मळमळ. आणि ती बनतात कशापासून, तर पेशींच्या आवरणात जी चरबी असते तिच्यापासून. त्या चरबीत ओमेगा-६ जातीची जास्त असेल तर जोरकस प्रोस्टाग्लँडिन बनतात, ओमेगा-३ चा वाटा वाढला तर सौम्य जातीची बनतात. पेशींच्या आवरणातली चरबी एका रात्रीत बदलत नाही, आठवडे लागतात. म्हणजे पाळीच्या चार दिवसांत मी जे खाणार त्याने फारसं काही होणार नव्हतं, आधीचे दोन-तीन महिने मी काय खात होते त्याचा तो हिशोब होता. मी पंधरा वर्षं हे चार दिवसांचं दुखणं समजत होते, आणि ते महिनाभराचं काम निघालं.

मी त्या पाच बाटल्यांबद्दल विचारलं. त्यांनी न हसता, न रागावता उत्तर दिलं. १९९६ मध्ये ४२ किशोरवयीन मुलींवर फिश ऑइलचा अभ्यास झाला, त्यात दुखणं कमी झालं होतं. त्याच वर्षी भारतात ५५६ मुलींना बी१ देऊन केलेल्या अभ्यासातही बऱ्याच जणींना आराम पडला. २००० मध्ये ३३ बायकांना कमी चरबीचा शाकाहार देऊन पाहिला, त्यांचंही दुखणं कमी झालं. पण २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने सप्लिमेंट्सचे असे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा कुठल्याच सप्लिमेंटबद्दल भक्कम पुरावा नाही असं निघालं, अभ्यास लहान आणि दर्जाने कमी. "म्हणून मी बाटलीपेक्षा ताटावर काम करते, आणि एका पाळीला एकच बदल," त्या म्हणाल्या. हे एकच बदलाचं मला फार पटलं, कारण पाच एकदम करून बसलेच होते.

वहीत त्यांना काय दिसलं ते मला दोन महिने लिहूनही दिसलं नव्हतं. मी नाश्ता करत नव्हते. दिवसाला चार कॉफ्या, त्यातली एक लोहाची जी काही भाजी खायचे तिच्या लगेच वर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात रोज पाकिटातलं खारट काहीतरी. फळ आठवड्यातून एकदा. मासे, जवस, अक्रोड जवळपास शून्य.

६ डिसेंबरला पाळी आली, ८. गोळी वेळेवर घेतली तरी ८, कारण पहिल्या दिवशी मी पुन्हा न खाता घेतली आणि उलटी झाली, सवय जायला वेळ लागतो. त्यानंतर पहिला बदल, रोज नाश्ता, त्यात प्रथिनं हवीत, म्हणजे अंडं किंवा कडधान्य किंवा दही. आणि लोहाची गोळी एक दिवसाआड, सोबत लिंबू किंवा संत्रं, चहा-कॉफी निदान तासभर लांब, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, घाबरू नका. बद्धकोष्ठता झाली, त्यावर पाणी आणि तंतू वाढवले. ४ जानेवारी, परत ८. मला फार निराश वाटलं. ताईंना मेसेज केला, उत्तर आलं, "दुसरा दिवस बघ." दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरात ७ होता, आता ५ होता, आणि चक्कर आली नव्हती. मी फक्त मोठा आकडा बघत होते.

जानेवारीत दुसरा बदल, ओमेगा-३. आठवड्यातून दोनदा मासे, रोज एक चमचा जवस दळून (अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, दळूनच घ्यायचं) आणि मूठभर अक्रोड. मासे न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की जवसातल्या ओमेगा-३ चं शरीराला लागणाऱ्या प्रकारात रूपांतर फार थोडं होतं, त्यामुळे तेवढाच परिणाम मिळेल असं धरू नका. दळलेलं जवस फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ते लवकर खवट होतं. तळलेलं आणि पाकिटातलं कमी केलं, बंद नाही. २ फेब्रुवारी, ७.

फेब्रुवारीत मीठ आणि कॉफी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, पाकिटातलं बंद केल्याशिवाय ती पाळताच येत नाही. पाळीआधीचं पोट फुगणं याने खरंच कमी झालं, जीन्सचं बटण लागायला लागलं. कॉफी चारवरून एक, पहिले तीन दिवस डोकं फुटेल इतकं दुखलं, म्हणून हळूहळू कमी करा. कॉफीने पाळी जास्त दुखते का याबद्दल पुरावा उलटसुलट आहे, पण माझी झोप सुधारली आणि लोह अंगी लागायला मदत झाली, मला तेवढं पुरे.

१ मार्चच्या पाळीला आलं वापरून पाहिलं. २००९ च्या एका अभ्यासात आल्याची पावडर २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, पहिले तीन दिवस दिली होती आणि आराम आयबुप्रोफेन या पेनकिलरसारखाच पडला होता. मी गोळी सोडली नाही, आलं जोडीला घेतलं. कळांमध्ये त्याने किती फरक पडला हे सांगता येणार नाही पण मळमळ गेली, पूर्ण गेली, आणि मळमळ गेली म्हणून खाता आलं, खाता आलं म्हणून गोळी पोटात राहिली. त्या दिवशी वहीत ५ लिहिला आणि शेजारी वेळ, सकाळी सव्वानऊ, कारण सव्वानऊला मी टेबलाशी बसून नाश्ता करत होते. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आलं किंवा फिश ऑइल विचारूनच.

६ मार्चला रक्त पुन्हा तपासलं, हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन २४. मॅडम म्हणाल्या आकडा बरा झाला म्हणून लोह लगेच बंद नको, साठा भरायला अजून काही महिने.

मग ३० मार्चला ७. सगळं परत गेलं असं वाटलं. वही काढून बघितली, आधीचे दहा दिवस कामाच्या धावपळीत गेले होते, झोप चार-पाच तास, नाश्ता पाच वेळा बुडालेला, चालणं बंद. चालण्याबद्दल सांगायचं राहिलंच, ते फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस पाऊण तास चालू होतं. व्यायामाने पाळीचं दुखणं कमी होतं याचे अभ्यास बऱ्यापैकी आशादायक आहेत, तीनदा तरी आणि पाऊण ते एक तास, एवढा. आणि शेकाची पिशवी मी कधीच सोडली नाही, ती पहिल्या दिवसापासून साथीला आहे.

२७ एप्रिलला ४. सुट्टी घेतली नाही. दुपारी अर्धा तास आडवी झाले, तेवढंच.

यातलं किती वेळेवर घेतलेल्या गोळीचं, किती लोहाचं, किती जवसाचं आणि किती चालण्याचं हे मी वेगळं करून सांगू शकत नाही, आणि कुणी फक्त एका पदार्थाचं नाव घेऊन सांगत असेल तर मी आता त्यावर विश्वास ठेवत नाही. पुढची अपॉइंटमेंट १५ मे ला आहे. विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत: लोह कधी थांबवायचं, व्हिटॅमिन डी तपासायचं का, आणि आता पॅड चार तास टिकतंय तर रक्तस्रावासाठी अजून काही करायची गरज आहे का. माझ्या मावसबहिणीची मुलगी चौदा वर्षांची आहे, मागच्या आठवड्यात तिने माझ्याकडून रेघांची एक कोरी वही मागून नेली, आधीच रकाने आखून दे म्हणाली.